न प्यायलेल्या ग्लासांचा तक्ता

त्या वर्षी आमच्या घरात पाण्यानं भरलेली एकूण तेवीस भांडी असायची आणि त्यांतलं प्रत्येक कशासाठी आहे हे मला पाठ होतं. अजूनही आहे. स्वयंपाकघराच्या दाराशी दोन पितळी हंडे, पिण्याचे, त्यांवर दुहेरी फडकं. ओट्याखाली दोन पिंपं, स्वयंपाकाची. मोरीतली लोखंडी टाकी भांड्यांची आणि कपड्यांची. संडासापाशी रंगाचे चार रिकामे डबे, बाबांनी समोरच्या बांधकामावरून मागून आणलेले. उरलेल्या कळश्या, बादल्या, पातेली, आणि सगळ्यांत शेवटी आंघोळीचा बंब. त्यातल्या पाण्याला आंघोळीसाठी हात लावायचा नाही, ते ‘लागलंच तर’ या सदरातलं. सदरं मीच पाडली होती. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर मी सगळी भांडी लिहून काढली होती, आणि नळ येऊन गेला की कोणतं काठोकाठ भरलं, कोणतं अर्धं राहिलं, हे पेन्सिलीनं मांडायचे. आई म्हणायची, या पोरीला देवानं चुकून आमच्या घरी पाठवलं, हिला तहसीलमध्येच जन्माला घालायचं होतं.

पावसाळा त्या वर्षी नुसता येऊन गेला. पोळ्याच्या सुमारास नळ एक दिवसाआड यायचा, नवरात्रापर्यंत तो चौथ्या दिवसावर गेला. येण्याआधी तो बराच वेळ नुसती हवा सोडायचा. पहाटे अंथरुणातच तो लांबट, शिटीसारखा आवाज ऐकू आला की आई उठून बसायची. मग दोन-चार उचक्या, मग तांबूस पाणी, आणि मग खरं पाणी. त्या पाऊण तासात घरात कुणी कुणाशी बोलायचं नाही. फक्त भांडी वाजायची. कान इतके तयार झाले होते की हंडा भरत आल्याचा आवाज कळशीच्या आवाजापासून मी डोळे मिटून वेगळा सांगितला असता.

सिडकोचं आमचं घर नवीन होतं आणि चारी बाजूंनी आणखी घरं उठत होती. शहर वाढत होतं, पाणी आटत होतं, दोन्ही एकाच खिडकीतून दिसायचं. समोरच्या बांधकामावर टँकर यायचा आणि गवंडी नव्या भिंतींवर पाइपनं पाणी मारायचा. आई गॅलरीत कपडे वाळत घालता घालता थांबायची आणि भिंतीवरून ओघळणारं ते पाणी खाली मातीत जिरेपर्यंत बघत राहायची. एकदाच म्हणाली, भिंतीच्या जन्माला आलो असतो तर बरं झालं असतं.

जेवणही पाणी बघून ठरायचं. वरण-भात म्हणजे चार भांडी खरकटी, म्हणून आठवड्यातले चार दिवस भाकरी, तीही हातावर घेऊन, वर पिठलं नाही तर ठेचा आणि तेल. ताटं राखेनं कोरडी घासून फडक्यानं पुसायची. तांदूळ धुतलेलं पाणी भाजीला, भाजीचं तुळशीला. आंघोळ घमेल्यात उभं राहून करायची आणि खाली साठलेलं पाणी रंगाच्या डब्यात. या सगळ्याची आम्हाला कुरकूर नव्हती, उलट चढाओढ होती. ‘आज माझी अर्धी बादली राहिली’ असं जो सांगेल त्याच्याकडे आई अशी बघायची की परीक्षेत पहिला आल्यावरही तिनं तसं बघितलं नव्हतं. आमच्या घरी शहाणपणाची एकच खूण होती: कमी वापरणं. मी हे इतकं सविस्तर लिहिते आहे, कारण पुढं माझ्या हातून जे झालं ते वाईट वळणामुळं झालं नाही. चांगल्या वळणामुळंच झालं.

मी अकरावीत होते आणि कॉलेजच्या खो-खोच्या संघात बारावी खेळाडू होते, म्हणजे खेळायला नऊ, राखीव तीन, त्या तिघींतली शेवटची. मला पळताच येत नव्हतं असं नाही, पण खो मिळाल्यावर कुठल्या बाजूला उठायचं याचा मी विचार करायचे, आणि खो-खोत विचाराला जागा नसते. आमच्या शैलामॅडम चतुर होत्या. त्यांनी माझ्यातला कारकून ओळखला आणि मला संघाची व्यवस्था दिली. घड्याळ माझ्याकडे, शिट्टी मॅडमकडे, चुन्याची पिशवी माझ्याकडे, आणि माठ माझ्याकडे.

माठ एकच होता. मैदानावर नळ नव्हता. कॉलेजचा शिपाई दुपारी टाकीतून तो भरून भिंतीच्या सावलीत ठेवायचा. त्यात चौदा ग्लास बसायचे, हे मी पहिल्याच दिवशी मोजलं. बारा मुली, एक मॅडम, एक ग्लास शिल्लक. सराव संपला, घाम जिरला, की मी एकेकीला एकेक ग्लास द्यायचे. मध्ये पाणी प्यायचं नाही, ही पद्धत माझी नव्हती, सगळ्यांचीच होती. पळताना पाणी प्यायलं तर पोटात कळ येते, घाम जिरल्याशिवाय प्यायलं तर छाती भरते, असं मॅडमना त्यांच्या मॅडमनी सांगितलं होतं आणि आम्हाला आमच्या घरीही सांगितलं जायचं. शिवाय आणखी एक कारण होतं जे कुणीच बोलायचं नाही. मैदानाच्या आसपास मुलींना जायला जागा नव्हती. दुपारी बारानंतर घोटभरही प्यायचं नाही, म्हणजे सहापर्यंत निभतं, हे प्रत्येकीनं आपापलं शोधून काढलं होतं.

दसऱ्यानंतर टाकीही खाली गेली आणि शिपाई अर्धाच माठ भरू लागला. सात ग्लास आणि तेरा जणी. माझ्यासारखीला असा प्रश्न म्हणजे सण. मी वहीत तक्ता आखला. बारा नावं उभी, तारखा आडव्या. जी आपला ग्लास सोडेल, घरी जाऊन पिईन म्हणेल, तिच्या नावापुढं लाल पेन्सिलीनं बरोबरची खूण. महिन्याच्या शेवटी जास्त खुणा जिच्या, तिचं नाव मॅडम सगळ्यांसमोर घेणार. मॅडमना कल्पना फार आवडली. शिस्त येईल, म्हणाल्या.

आली. पहिल्या दिवशी पाच जणींनी ग्लास सोडला, चौथ्या दिवशी नऊ जणींनी. माठात पाणी उरायला लागलं आणि मी ते परत टाकीत ओतून यायचे, घरी जाऊन आईला सांगायचे. आमच्यातली नसीम सगळ्यांत थट्टेखोर. ती म्हणायची, “सुधा का रजिस्टर फरिश्तों के रजिस्टर से पक्का है. उधर माफी है, इधर नहीं.” आणि गटागटा ग्लास पिऊन, माझ्याकडे बघून मिशी पुसल्यासारखं करायची. तिच्या नावापुढं एकही खूण नव्हती. मला तिचा राग यायचा.

रत्नाच्या नावापुढं ओळीनं सोळा होत्या.

रत्ना पाचोडजवळच्या एका गावची. मुकुंदवाडीत काकांकडे राहून शिकत होती. सडपातळ, काळीसावळी, आणि पळायला लागली की हाताला न लागणारी. नऊ मिनिटांच्या पाळीत ती एकटी चार-चार मिनिटं समोरच्या संघाला नाचवायची. तिच्या वडिलांनी, त्यांना सगळे आबा म्हणायचे, तिला शहरात पाठवलं होतं ते घरच्यांशी भांडून, आणि खेळायची परवानगी दिली होती ती एका अटीवर. जिवाला काही झालं तर त्याच दिवशी ट्रंक उचलायची. कॉलेजही बंद. रत्ना हे हसत हसत सांगायची, आबांचा आवाज काढून. पण धावताना पडली की ती आधी खरचटलेला गुडघा झाकायची आणि मग उठायची.

स्पर्धा सोमवारी होती. आधीच्या गुरुवारी मॅडमनी दुपारी साडेतीनलाच पूर्ण सामन्याचा सराव लावला. ऑक्टोबरमधलं कोरडं ऊन, वारा नाही, शेजारच्या बांधकामावर खडी फोडण्याचा आवाज. आदल्या दिवशी रत्नाच्या पोटऱ्यांत गोळे आले होते. ते मी वहीत लिहिलंही होतं, ‘पोटरी’ असं, आणि पुढं काही केलं नव्हतं. लिहिलं की काम झालं असं मला त्या वयात वाटायचं. पुढं नोकरीत असे पुष्कळ लोक भेटले.

पहिल्या पाळीत ती नेहमीसारखी पळाली. दुसऱ्या पाळीत पाठलागाला बसली तेव्हा चुकीच्या दिशेला तोंड करून बसली. मॅडम ओरडल्या, ती वळली. मग तिला खो मिळाला आणि ती उठलीच नाही. मी घड्याळ घेऊन जवळ गेले. तिच्या हातांवर काटा आला होता. एवढ्या उन्हात. म्हणाली, थंडी वाजती. मग माझ्याकडे बघून, अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाली, “आबा, म्हशी पाण्यातनं निघंनात.”

नसीम फसकन हसली, आणि तिचं हसू तिथंच थांबलं. रत्ना बसल्या जागी कलंडली. तिचं कपाळ तव्यासारखं होतं आणि त्याच्यावर घामाचा एक थेंब नव्हता. अर्धा तास पळालेल्या मुलीच्या अंगावर घाम नाही हे चूक आहे एवढं मला कळलं, पण का चूक आहे हे कळलं नाही. मॅडम तिचं नाव घेत राहिल्या. मी वही छातीशी धरून उभी होते. सांगायला लाज वाटते, पण मी मनात हिशेब करत होते की माठात सात ग्लास आहेत, सगळे एकीला दिले तर बाकीच्यांचं काय.

“रजिस्टर बाजू में रख,” नसीम मला म्हणाली, “और मटका उठा.”

आम्ही दोघींनी माठ उचलला आणि सगळाच्या सगळा रत्नाच्या अंगावर ओतला. ओढण्या भिजवून तिच्या मानेला, काखेत लावल्या. प्यायला घालायला मॅडमनी आधीच भरून घेतलेला ग्लास पुढं केला, पण ती धड शुद्धीवर नव्हती, पाणी ओठांवरून ओघळलं. रिक्षा मिळाली. मॅडम, मी आणि नसीम तिला आडवी धरून जवळच्या एका डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात घेऊन गेलो. वही माझ्या काखेतच होती. ती मी का बरोबर घेतली हे मला आजही सांगता येणार नाही.

डॉक्टरबाईंनी आम्हाला एक शब्द विचारायच्या आधी तिला पंख्याखाली ओल्या चादरीत गुंडाळलं आणि सलाइन लावलं. मग वळल्या. सकाळपासून पाणी किती प्यायली? लघवीला शेवटची कधी गेली? रंग कसा होता? मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या, कारण संघाचं सगळं मला माहीत असायचं. आणि मला माहीत होतंच. मी वही उघडून त्यांच्यापुढं धरली.

त्यांनी चष्मा लावला. “हजेरी आहे का ही?”

मी म्हटलं, नाही, पाणी न पिणाऱ्यांच्या खुणा आहेत.

त्या बराच वेळ त्या पानाकडे बघत होत्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली आणि शांतपणे सांगायला लागल्या. पळणाऱ्या माणसाला तहान लागते तोवर उशीर झालेला असतो. पाणी आधी द्यायचं, मध्ये द्यायचं, नंतर द्यायचं, थोडं थोडं. घामातून मीठ जातं, म्हणून नुसतं पाणी एकदम ढोसायचं नाही, त्यात चिमूटभर मीठ, थोडी साखर, मिळालं तर लिंबू. पोटऱ्यांत गोळे येणं, डोकं दुखणं, लघवी पिवळीजर्द होणं, या चिठ्ठ्या असतात, त्या वाचायच्या. आणि दुपारी साडेतीनला कुणालाही पळवायचं नाही. हे शेवटचं त्या मॅडमकडे न बघता म्हणाल्या. मग खुर्चीत बसल्या. “मुलगी लघवीला गेली की मला सांगा. मग मी माझा चहा पिईन.”

आम्ही बाकावर बसून राहिलो. नसीम पुटपुटत काहीतरी म्हणत होती, बहुतेक दुआ. पाऊण तासानं रत्नानं डोळे उघडले आणि विचारलं, किती मिनिटं झाली? मॅडमना रडू फुटलं. दुसरी बाटली निम्मी झाली तेव्हा ती हळूच नर्सला म्हणाली, मला जायचंय. नर्स तिला हाताला धरून, बाटली उंच करून आत घेऊन गेली आणि आम्ही तिघी त्या बंद दाराकडे अशा बघत बसलो की जसा काही आतून निकाल लागणार आहे. त्या परत आल्या. नर्सनं मान हलवली. डॉक्टरबाईंनी बाहेर हाक मारली, “चहा आणा रे.” माझ्या आयुष्यात मी पुष्कळ चांगल्या बातम्या ऐकल्या, मुलाचा जन्म धरून, पण तो चहा मागवल्याचा आवाज मी त्यांच्या बरोबरीनं ठेवते.

सुटका मात्र अर्धीच होती. काकांनी त्याच संध्याकाळी पाचोडच्या एका दुकानात फोन करून निरोप ठेवला, आणि शुक्रवारी दुपारी आबा येऊन पोचले. नसीम मला सांगायला घरी आली. रत्नाची ट्रंक भरून दोरीनं बांधून दारात ठेवली होती. शनिवारच्या बसनं तिला नेणार. काका म्हणत होते, खेळाच्या नादानं पोरगी हातची गेली असती.

मी चहाला हात लावला नाही. बाबांनी कारण विचारलं तेव्हा सगळं सांगितलं. ते सरकारी कारकून, आयुष्यभर दुसऱ्यांनी केलेल्या तक्त्यांवर सह्या करत आलेले. वही चाळून म्हणाले, तक्ता तू केलास, मग सांगायलाही तूच जा. बरोबर मी येतो, पण बोलणार नाही. आईनं बंबाची तोटी सोडली, ‘लागलंच तर’मधलं पाणी काढून गाळलं आणि उकळलं. ते निवल्यावर त्यात लिंबू, साखर, मीठ घालून फिरकीच्या तांब्यात भरलं आणि तांब्या माझ्या हातात दिला.

काकांच्या खोलीबाहेर बाजेवर आबा बसले होते. मी कल्पना केली होती मोठ्या मिशांच्या, आवाज चढवणाऱ्या माणसाची. हे किडकिडीत होते, धोतर गुडघ्यापर्यंत, आणि बोलताना समोरच्याच्या पायांकडे बघायचे. रत्ना आत भिंतीला टेकून बसली होती. मी पाया पडले आणि पाठ करून आणलेलं बोलायला गेले तर एक वाक्य आठवेना. शेवटी वही त्यांच्यापुढं उघडून ठेवली.

त्यांनी बोट ठेवून नावं वाचली. रत्नाच्या नावावर थांबले. “ह्या तांबड्या खुना कशाच्या?”

मी सांगितलं. ग्लास सोडल्याच्या. मी ठरवलेल्या. खेळाचा दोष नाही, रत्नाचा तर नाहीच नाही.

त्यांनी मोजल्या. सोळा. मग बोट खाली खाली सरकवत माझ्या नावावर आले. “अन् तुझ्या?”

“चार.”

“म्हंजी तू पीत व्हतीस.”

एवढंच म्हणाले. आवाज चढवला नाही. बाबा शेजारी उभे होते, ते कबूल केल्याप्रमाणं बोलले नाहीत. मग आबाच पुढं बोलायला लागले, माझ्याशी की स्वतःशी कोण जाणे. “औत धरायच्या आधी बैलाला पाणी दावतो आम्ही. दुपारी सोडला की आधी सावली, मंग पाणी, मंग वैरण. नाय पिला तर शीळ घालत उभं ऱ्हातो, पण पिल्याबिगर हालवत नाय. विहिरीला पाणी नसलं तर औत नाय धरत. अन् तुमच्या शिकल्याल्या बाई बारा लेकरं उन्हात पळवत्यात, अन् पाणी कवा, तर सांच्याला?”

आतून रत्ना म्हणाली, “आबा, मला कुणी पिऊ नको म्हनलं नव्हतं. मीच नाय प्याले. मला पैली यायचं व्हतं.”

ते दाराकडे वळले. “पानी न पिन्यात बी?”

“व्हय.”

त्यांच्या तोंडावर काय उमटलं ते मला नीट सांगता येत नाही. रागही होता, आणि या पोरीला दुसऱ्या नंबरावर कधीच समाधान नसतं हे त्यांना नवीन नव्हतं. त्यांनी फिरकी काढून तांब्यातलं पाणी हुंगलं, ग्लासात ओतलं आणि आत नेऊन दिलं. ती पिईपर्यंत उभे राहिले. बाहेर येऊन मला विचारलं, उद्या खेळता का? मी म्हटलं, सकाळी. रत्ना नाही, तिला डॉक्टरांनी पंधरा दिवस पळायला बंदी केली आहे. ते म्हणाले, तिला बसवू बाजूला. मी येतो बघायला. पाणी कसं देता ते बघतो. मंग ठरवू काय ते.

त्याच संध्याकाळी मी सायकलवर अकरा घरं केली, दहा मुलींची आणि एक मॅडमचं. नसीमचं घर मैदानापासून दोन गल्ल्यांवर होतं. तिच्या अम्मींनी मला पुरतं बोलूच दिलं नाही. मुलींना लागेल तेव्हा त्यांच्या घरी पाठवायचं, मागचं दार उघडं राहील, त्यात विचारायचं काय. बाकी प्रत्येकीनं घरून एक तांब्या पाणी आणायचं ठरलं. कुणाकडे किती भांडी भरलेली आहेत हे मला ठाऊक असल्यासारखं मी विचारायचे आणि आया हसायच्या. आमच्या घरी मी कॅलेंडरमागच्या यादीत एक नवं सदर पाडलं, ‘खेळ’, आणि त्यापुढं एक अख्खी कळशी लिहिली. अंगणात सडा घालणं बंद करून ती निघाली. त्या वर्षी आमच्या दारात रांगोळी कोरड्या मातीवर निघाली, आणि आईला तिचं फार वाईट वाटलं असेल असं मला त्या वेळी सुचलंच नाही.

सकाळी साडेसहाला आबा मैदानावर आमच्या आधी येऊन बसले होते. रत्ना त्यांच्या शेजारी. मॅडमनी त्यांना नमस्कार केला आणि सरळ सांगितलं की चूक झाली. त्यांनी मान हलवली. सुरुवातीला एकेक ग्लास, मग पहिली पाळी, मग मॅडमची शिट्टी, सगळ्या सावलीत, अर्धा अर्धा ग्लास लिंबू-मीठ-साखरेचा. पहिल्यांदा मुली एकमेकींकडे चोरून बघत प्यायल्या, जशी काही चोरी चालली आहे. पोटात कळ येण्याची वाट बघत त्या दुसऱ्या पाळीला उतरल्या. कुणालाच आली नाही. उलट तिसऱ्या पाळीत आमचे पाय नेहमी जड व्हायचे, ते त्या दिवशी झाले नाहीत. नसीम पळता पळता ओरडली, “ये तो पेट्रोल है.”

दुसऱ्या शिट्टीला मी सवयीनं वही उघडली आणि प्यायलेल्यांच्या नावापुढं खुणा करायला लागले. आता उलट्या खुणा, असा माझा विचार. आबा उठून जवळ आले. त्यांनी हातानंच नको म्हटलं.

“खुना करू नको, बाळ. लिहिन्यात तुझी मान खाली ऱ्हाती. ती बघ, ती धाकली, तिनं वतून दिलं.”

मी वळून पाहिलं. आमच्यातली सर्वांत लहान मुलगी खरंच रिकामा ग्लास हातात घेऊन भिंतीकडे तोंड करून उभी होती. भिंतीच्या मुळाशी माती ओली होती. तिला नसीमच्या घरी जायची लाज वाटत होती. नसीमनं तिला हाताला धरून नेलं, दोघी परत आल्या, आणि मग ती प्यायली. मी वही पिशवीत घातली. पुढं चोवीस वर्षं मी शेंद्र्याच्या एका कारखान्यात भांडार सांभाळलं, स्क्रूपासून सतरंजीपर्यंत माझ्याकडे कशाची यादी नव्हती असं नाही. आता आमचा सकाळी चालणाऱ्या बायकांचा गट आहे, त्याच्याही याद्या आहेत: कुणाची गोळी कोणती, कुणाचा गुडघा कोणता, कुणाच्या सुनेचा फोन नंबर काय. पण पाणी कोण प्यायलं याची यादी मी पुन्हा केली नाही. तिथं मी मान वर ठेवून चेहरे बघते. बायका वैतागतात. वैतागू देत.

सराव संपला तेव्हा ऊन नुकतं चढायला लागलं होतं. आबा उठले. मी, रत्ना आणि नसीम त्यांच्याबरोबर रिक्षानं स्टँडवर गेलो. रत्ना माझा हात इतका घट्ट धरून बसली होती की माझी बोटं बधिर झाली. रिक्षा मुकुंदवाडीकडे वळली नाही, सरळ गेली, तेव्हा मला वाटलं ट्रंक काकांनी आधीच पोचवली असेल. स्टँडवर पाचोडवरून बीडकडे जाणारी गाडी लागलेली होती. मी इकडेतिकडे बघितलं. काका नव्हते. शेवटी माझ्यानं राहवेना. विचारलं, आबा, ट्रंक?

“ऱ्हाऊ दे तिथंच,” ते म्हणाले. “लई जड हाय.”

त्यांनी रत्नाच्या डोक्यावर हात ठेवला, मॅडमना सांग म्हणून काहीतरी सांगितलं, ते गाडीच्या आवाजात मला ऐकू आलं नाही, आणि पुढच्या दारानं चढले. एकटेच. गाडी मागं येऊन वळली, फाटकातून बाहेर पडली. नसीमनं पिशवीतून उरलेलं लिंबाचं पाणी काढलं आणि रत्नापुढं धरलं. रत्नानं रस्त्याकडे बघत बघत, एका दमात नव्हे, घोट घोट घेत, ते संपवलं. मग ती खाली फरशीवरच बसली आणि पोट धरून हसायला लागली, आणि आम्ही दोघी तिच्या शेजारी बसलो.